भातकुलीचं घर अकोल्यात

(अकोला, १९६८. शिक्षिका मनकर्णाबाईची भाड्याची खोली. अमेरिकेत वास्तुकला शिकून नुकताच परतलेला धाकटा भाऊ देवमन तिच्या नव्या घराचा नकाशा पसरून बसला आहे.)

मनकर्णा : म्हणजे दार मुद्दामच ठेंगणं ठेवलं तू?

देवमन : मुद्दाम. आपल्या भातकुली गावातल्या घरासारखं. वाकून आत गेलं की घरी आल्यासारखं वाटतं.

मनकर्णा : अन् ह्या भिंतीत देवळी. वरतं कवेलूचं उतरतं छप्पर. मले वाटलं, तू सपाट स्लॅबचं काही काढशीन. पेपरात चंदीगडचे फोटो येतात, तसं.

देवमन : ते तिकडे आता जुनं झालं, बाई. इथं लोक आत्ता कुठे त्याच्या मागं लागले, अन् तिकडचे कंटाळलेसुद्धा. आमचे एक सर म्हणत, सिमेंट-काचेच्या पेट्या सगळ्या देशांत सारख्याच दिसतात, माणसाला त्यात आपलं काही ओळखू येत नाही. कमान, कोनाडा, नक्षी, जे जे लाजून टाकून दिलं ते परत आणा. मी वर्गात आपल्या घराचं चित्र दाखवलं. सगळे पाहत राहिले.

मनकर्णा : आपल्या घराचं?

देवमन : हो. सर म्हणाले, हे बांध आणि मला फोटो पाठव. माझं पहिलं काम आहे, बाई. ते तुझंच घर असावं असं वाटलं.

मनकर्णा : चहा घे. थंडा होऊन राहिला.

देवमन : तुला आवडलं नाही.

मनकर्णा : चित्र लय साजरं हाये. एकएक कवेलू काढलं तू. पण तू लहान होता, बापू. माय डोक्श्यावर काड्याचा भारा घेऊन ये, तं त्या दारातून भारा जाये नाई. बाहेर टाके, मंग वाकून आत ये. मी बाले एकदा म्हटलं, दार उंच करा. तं बा म्हणे, आपल्याले उंच दार कोण बांधू देते?

देवमन : हे मला कोणी सांगितलं नाही.

मनकर्णा : तुले काहून सांगाव? तुले शिकाचं होतं. अन् हे देवळी. छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून आलो, तं बानं तिच्यातले देव काढले अन् पेढी नदीत सोडले. माय रडली, पण आडवी आली नाई. मंग देवळी रिकामीच राहिली. आता मी तिच्यात काय ठेवू?

देवमन : बाबासाहेबांचा फोटो ठेवता येईल.

मनकर्णा : त्याईचा फोटो मी मोकळ्या भिंतीवर लावीन. दारातूनच दिसला पाहिजे.

देवमन : म्हणजे तुला ती पेटीच हवी.

मनकर्णा : हो. तसं घर पाहून कोणाचं हाये ते समजत नाई. तुह्या सराले त्याचाच कंटाळा आला न? मले तेच पाहिजे.

देवमन : बरं. खोडतो. दार उंच करतो, वर सपाट स्लॅब.

मनकर्णा : तुले वाईट वाटून राहिलं.

देवमन : थोडं वाटलं. सरांना काय लिहावं ते पाहीन. पण गावचं काहीच नको तुले? एवढंसंही?

मनकर्णा : एक पाहिजे. पाटलाच्या घराले रस्त्याच्या अंगानं ओटा होता, आठवते? बजारातून येता येता माय थकून जाये. पण आपल्या माणसाले त्याच्यावर टेकू देत नव्हते. ते त्याच्यासमोर उभी राहून दम घे. मले तसा ओटा काढून दे. कंपाउंडच्या बाहेर.

देवमन : बाहेर? मंग कोणीबी येऊन बसन.

मनकर्णा : बसू दे.

देवमन : तिथं दुपारचं ऊन येईल. छज्जा पुढं काढतो मी. सावली राहील.

मनकर्णा : अन् ओटा उंच नको करू. एखाद्या म्हातारीले सहज टेकता आलं पाहिजे.