गावाप्रमाणे लावलेली कार्डं

तुम्ही माझ्या कार्डांना हसता ना, मग हे ऐकाच. परदेशात शिकताना मला सवय लागली, एक आठवण म्हणजे एक कार्ड. गिरणी कामगारांच्या जगण्यावर पेपर लिहायला परत आले, तेव्हा लालबागच्या निवृत्त कामगारांच्या आठवणी मी अशाच कार्डांवर उतरवल्या. प्रत्येकावर सांगणाऱ्याचं नाव. मग जेवण, संप, आजारपण असे गठ्ठे लावले. पेपर चार दिवसांत द्यायचा होता.

शेजारच्या शेवंतीमावशींनी तीस वर्षं खाणावळ चालवलेली. त्यांना मी कौतुकाने गठ्ठे दाखवत होते, तेवढ्यात त्यांनी माझ्यासाठी पंखा लावला. कार्डं खोलीभर! आणि एकावरही नंबर नाही.

मी रडकुंडीला आले. मावशी खाली बसून नावं वाचत कार्डं लावू लागल्या. सगळे त्यांच्याकडेच जेवलेले.

"ह्यो देवगडचो. ह्यो पण. आणि ह्यो वेंगुर्ल्याचो."

"मावशी, विषयाप्रमाणे लावायचीत!"

"गो, माणसां गावाप्रमाणे रवत होती. एका खोलयेत एक गाव. जेवण, संप, दुखणा, सगळा थंयच. तू त्यांका कित्याक वेगळी करतंस?"

मी पेपर गावाप्रमाणेच लिहिला. प्रोफेसरांनी विचारलं, "ही मांडणी सुचली कुणाला?" मी पहिल्याच पानावर मावशींचं पूर्ण नाव छापलं आणि ते घेऊन त्यांच्याकडे धावले.

मावशींनी चष्मा लावून दोनदा वाचलं, नावापुढच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"नाव बरोबर आसा. पण माझा गाव खंय?"