जिन्यावरची खोली

उत्तर इंग्लंडमधल्या हेक्सम गावाच्या बसथांब्यावर माझ्यापुढे माझ्याच वयाची एक बाई आपल्या लेकीसह उभी होती.

“आई, यंदा सुट्टीला टेकडीवरची कॉटेज नको. समुद्राकाठी एक बैठं घर पाहिलंय.”

“खिडकीतून काय दिसतं?”

“गाड्या लावायची जागा. पण जिना नाही.”

“हिलरी, तुझे वडील गेल्यावरही तो जिना मी दरवर्षी चढले आहे.”

“आणि गेल्या वर्षी कुंपण ओलांडायच्या पायऱ्यांवर अडकलीस. मेंढपाळानं उतरवलं तुला.”

“अडकले नव्हते. दरी पाहत होते.”

“भर पावसात?”

“पावसातच पाहावी.”

“मी कॉटेजवाल्या बाईंना नाही म्हणून कळवलंय.”

“त्यांनी सांगितलं मला. आज सकाळी मी माझ्या नावानं ती पुन्हा घेतली. तुला यायचं असेल, तर खालची खोली रिकामी आहे.”