साप धरायचं प्रशिक्षण

परवा माझी बोबडीच वळली गड्या. आमच्या साखर कारखान्यात उसाच्या ट्रॉलीतनं साप निघाला आन् थेट हापिसात शिरला. साहेबांनी मला बोलवून प्रशिक्षणाची नोंदवही पुढं केली. "साप धरायचं प्रशिक्षण तू घेतलंयस. ही बघ सही. धर त्याला."

मी प्रशिक्षणाच्या दिवशी उंब्रजला पावण्यांकडं गेलतो. माझी सही आमच्या हापिसातल्या दिलीपनं ठोकली हुती. वर म्हणला हुता, "प्रशिक्षण लय भारी झालं रं."

आता दिलीप माझी नजर चुकवाय लागला. तेवढ्यात मला वहीत सगळ्यात वरची सही दिसली. म्हणलं, "आवं साहेब, तुमीबी घेतलंय की प्रशिक्षण."

साहेब टेबलावर चढत म्हणाले, "अरे, ते प्रशिक्षण झालंच कुठं?"