बसमधलं धुणं

प्रेमिला : बंद करा जी ते मशीन आधी. सोनिका पुन्हा पलंगाखाली घुसली.

रुपराव : एक मिनिट थांब वं. पिळाईवर आलं आहे, आता कुठं वेग धरून राहिलं. प्रशिक, पाह्य बाप्पा, हे असं होते. आख्खी बस हालते.

प्रशिक : करा बंद काका, दिसलं मले. कप खाली पडून राहिले.

प्रेमिला : अठ्ठावीस वर्षांची पोरगी आहे माझी. जन्मापासूनच तिले कमी समजते. हे सुरू झालं की कान दाबून रडते, मग तिले बाहेर काढता काढता माझा अर्धा दिवस जाते.

प्रशिक : काय काय करून पाहिलं तुम्ही?

रुपराव : विचारू नको गा. आधी रबराचे पॅड टाकले. मग ट्रकच्या ट्यूबचे तुकडे. मग मी म्हटलं, मशीन उड्या मारते तर त्याले उड्याच मारू नाही द्याच्या. लोखंडी अँगलची फ्रेम केली, बसच्या तळाले वेल्ड केली, वरून पट्टे आवळले.

प्रेमिला : तेव्हापासून मशीन नाही, बसच उड्या मारते.

रुपराव : तीस वर्षं हिंगण्याच्या कंपनीत फिटर होतो मी. याच बसनं शिफ्टले जात होतो. कंपनीनं भंगारात काढली तर मीच घेऊन आलो. ओटा, पलंग, संडास, सगळं या हातानं बसवलं. हे एकच जमून नाही राहिलं.

प्रशिक : पण काका, फिराले जाता तर कपडे धुवाचं मशीन कायले? घरी येऊन धुता आले असते. खरं सांगतो, बसमधलं मशीन दुरुस्त कराचा कॉल मले आजपर्यंत नाही आला.

प्रेमिला : सोनिकाची चादर रोज ओली होते बाबू. लहानपणापासून. कधी कधी दिवसातून दोनदा.

प्रशिक : माफ करा काकू. मले माहीत नव्हतं.

प्रेमिला : माफी कायची. आहे ते आहे. अकरा वर्षं झाले, नरखेडले माझ्या भावाकडं लग्न होतं. सकाळी वहिनीनं सोनिकाची गादी उचलून समोरच्या अंगणात वाळत टाकली. सगळे पाहुणे तिथूनच जाऊन-येऊन राहिले. वहिनीचं मन वाईट नाही, ऊन तिथंच येते. पण पोरगी त्या गादीजवळ जाऊन उभी राहिली, ती कोणाच्यानं हटेना.

रुपराव : तेव्हापासून कोणाच्या घरी मुक्काम नाही केला आम्ही. लॉजवाले तर दारातूनच परत पाठवतात. म्हणून ही बस. परवा चिखलदऱ्याले निघाचं ठरवलं आहे. मशीन चाललं तर निघू, नाही तर ही बस पुन्हा भंगारात देतो. आता माझ्यात जोर नाही राहिला.

प्रशिक : मागची बाजू पाहू द्या. काकू, टॉर्च धरता काय जरा? ... काका, हे बोल्ट?

रुपराव : कोणते?

प्रशिक : हे चार. ड्रमले धरून ठेवणारे. कारखान्यातून येताना ड्रम हालू नाही म्हणून लावतात. धुणं सुरू कराच्या आधी हेच काढा लागते.

रुपराव : माहीत आहे. पुस्तक वाचलं मी सगळं. प्रवासात बोल्ट लावून ठेवा, असं लिहिलं होतं.

प्रशिक : मग?

रुपराव : मग मी म्हटलं, हे मशीन घरात जाऊनच नाही राहिलं. बसमध्ये राहणार. म्हणजे कायमचं प्रवासातच.

प्रेमिला : अरे देवा.

प्रशिक : काका, ड्रम आत स्प्रिंगावर लटकते. फिरताना त्याले हालाले जागा पाहिजे. तुम्ही ड्रम बॉडीले जखडला, बॉडी फ्रेममध्ये आवळली, फ्रेम बसले वेल्ड केली. ड्रम हालला की सिधी बसच हालणार ना.

रुपराव : माझ्या हाताखालच्या कामगारानं असं केलं असतं तर मी त्याले आठ दिवस बोललो असतो.

प्रशिक : टेन्शन नका घेऊ. हे काढले. पट्टेही सैल करतो. टायरावर उभी बस डोलतेच, म्हणून थांबले की चारही कोपऱ्याले जॅक लावा, लेव्हल पाहा, बोल्ट काढा, मग धुवा. निघाच्या आधी बोल्ट परत लावा. विसरले तर रस्त्यात ड्रम तुटून जाईन.

रुपराव : म्हणजे रोज काढा, रोज लावा.

प्रशिक : दहा मिनिटांचं काम आहे. टाकाले काही आहे का आता?

प्रेमिला : सकाळची चादर आहे.

(मशीन चालतं. पिळाईही होते. ओट्यावरचे कप जागचे हलत नाहीत.)

प्रशिक : झालं. सोनिकाताई आपल्या मनानंच बाहेर आली पाहा. निघतो काका, जरीपटका भागात दोन कॉल बाकी आहेत.

रुपराव : चहा तरी घे गा.

प्रशिक : तुम्ही परत आले की घेतो. नीट जा.

रुपराव : चांगला माणूस आहे. ... तू काहून रडून राहिली वं? चाललं ना मशीन.

प्रेमिला : चाललं.

रुपराव : मग?

प्रेमिला : राग नका धरू. महिनाभर ते हालून राहिलं, तर मले आतून बरंच वाटत होतं. म्हटलं, नाही जमत तर नाही जमत, जाणंच टळलं. तुम्ही हौसेनं बस केली, मोठी खिडकी बसवली. पण अठ्ठावीस वर्षं इथं चादरी धुतल्या, आता पहाडावर जाऊनही चादरीच धुवाच्या. तुम्ही खिडकीतून दरी पाहान अन् मी मशीनपुढं बसीन. थकली जी मी.

रुपराव : हे मले सुचलंच नाही.

प्रेमिला : कसं सुचन. तुम्ही शिफ्टले राहत होते.

रुपराव : चिखलदऱ्याले धुणं मी करीन.

प्रेमिला : एक दिवस करान.

रुपराव : रोज करीन. तू सकाळी उठूच नको. लिहून घेतो, सांग. पावडर किती, बटण कोणतं.

प्रेमिला : पावडरीचं सांगते मागून. सकाळी जवळ गेलं की सोनिका आधी तोंडाकडं पाहते. तोंड पडलेलं दिसलं की दिवसभर जेवत नाही.

रुपराव : मले नाही माहीत.

प्रेमिला : म्हणून पहिले तिच्याकडं पाहून हसाचं. मनापासून हसाचं जी, खोटं तिले समजते. चादर त्याच्या मागून काढाची.