समावेश फोटोत दिसला पाहिजे

तुम्ही हसाल, पण सांगतेच. आमच्या सुरतेच्या बालवाडीतल्या गौरीला डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून चित्रकलेच्या तासाला मी सगळ्याच पोरांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि साड्यांच्या चिंध्या चाचपून कागदावर चिकटवायला दिल्या. गौरी सगळ्यांच्या पुढे. शेजारच्या किरणलाच दटावत होती, "अरे ती मऊ नको, जरीची दे!"

तेवढ्यात तपासणीच्या मॅडम दारात. मी दचकून डिंकच सांडला. माझी नोकरी अजून कच्ची, पक्की होणार ती त्यांच्या शेऱ्यावर.

"बेन, यातली दिव्यांग छोकरी कोणती?"

"ओळखू येत नाही ना, मॅडम?" मला वाटलं, आता शाबासकी.

"तोच तर वांधा! फोटोत समावेश दिसायला पाहिजे. तिची पट्टी काढा, एकटीला पुढे बसवा."

बसवलं. काय करणार?

"टीचर, मी काय केलं?" गौरीने विचारलं.

"काही नाही गं, फोटो आहे. हस."

परवा ऑफिसातून पत्र आलं. 'फोटोत दिव्यांग बालिका इतर मुलांपासून वेगळी बसवलेली आढळली. शिक्षिकेने तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

खाली सही त्याच मॅडमची.