एका नंबरावर दोघी

अरे, त्या टूलपायी माझा संसार मोडता मोडता राहिला. आमच्या लॅबच्या अंधेरी आणि दहिसर शाखांचा पेशंटचा डेटा एकत्र करायचा होता. माझ्यासोबत काम करणारा समीर म्हणाला, "नवं टूल घेऊ, झटपट जोडतं."

मी म्हणालो, "जोडतं रे, पण माणसं ओळखत नाही."

वाद मिटेना, तेव्हा आमच्या लॅबच्या मॅडमनी त्या टूलमध्ये माझाच मोबाइल नंबर टाकायला लावला. स्क्रीनवर दोन बायकांची नावं आली, ईश्वरी आणि सुजाता. ईश्वरी माझी बायको, हे मॅडमना ठाऊक. त्यांनी दुसऱ्या नावावर बोट ठेवलं, "आणि ही?" मी घाईघाईने बायकोला स्पीकरवर घेतलं. "अगं, सुजाता कोण ते मॅडमना सांग ना."

"मीच. लग्नाआधी ह्यानेच स्वतःच्या नंबरावरून माझी टेस्ट बुक केलेली. मग लग्नात तांदळात ईश्वरी लिहिलं."

माझा जीव भांड्यात पडला. समीर म्हणाला, "हे टूलला कसं कळणार?"

ती म्हणाली, "त्या टूलला निदान सुजाता आठवते तरी."