हार घातलेला घोडेस्वार

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष रविंद्रजी, व्यासपीठावरचे विन्सेंटदादा, सत्कारमूर्ती डॉरीनआजी, आणि स्कोफिल्ड्स-ब्लॅकटाउन उपनगरांतून वेळेवर, म्हणजे अर्धाच तास उशिरा आलेल्या मंडळींनो,

माइक चालू आहे ना?

आजी उद्या कायमच्या ब्रिस्बेनला, मुलाकडे निघाल्या. आपल्यातल्या किती जणींना त्यांनी गाडी चालवायला शिकवली! मी तर त्यांचं फाटकच पाडलं, तरी "नो वरीज, लव्ह" म्हणाल्या. अशा बाईला नुसती शाल देऊन कसं चालेल? सत्कार म्हटला की घराण्याचा उल्लेख आलाच आपल्याकडे. म्हणून त्यांच्या नातवाकडून, रिकीकडून, आजींच्या आजोबांचा हा फोटो गुपचूप आणला, मोठा केला, झेंडूचा हार घातला. आजोबा बोअर युद्धातले घोडेस्वार, इंग्रजांच्या बाजूने लढायला स्वखुशीने दक्षिण आफ्रिकेला गेलेले. त्यांचं लष्करातलं सर्व्हिस रेकॉर्डही मला इथे वाचायला दिलंय. त्यात लिहिलंय, वर्तणूक उत्तम.

आता खरं सांगू? मघाशी चहाच्या वेळी आजींनी फोटो पाहिला आणि कप खालीच ठेवला. म्हणाल्या, "शोभा, त्याने तिथे बोअर शेतकऱ्यांची घरं जाळली गं. बायकापोरांना छावणीत हाकललं, कितीतरी तिथेच मेली. परत आल्यावर पुन्हा घोड्यावर बसला नाही. हा फोटो त्यानेच भिंतीकडे तोंड करून ठेवला होता."

तेव्हापासून दोनदा हाराला हात लावून परत आले मी. हार काढावा तर गेलेल्या माणसाचा अपमान, आणि ठेवावा तर आजींना तोंड कसं दाखवू? तुम्ही काय केलं असतं? रविंद्रजी खुणावताहेत, पुढचं घ्या म्हणून. कसं घेऊ? नीरजा आजींच्या कानात माझं वाक्यन् वाक्य इंग्रजीत सांगतेय आणि मला तिकडे बघवत नाहीये. एवढी माया लावली त्यांनी, आणि जाताना आपण हे दिलं! भीती वाटते हो, आजी दुखावूनच जातील.

अगं बाई, उठल्या! विवेक, हात दे त्यांना, पायरी आहे तिथे.

हार काढला त्यांनी. समईपाशी ठेवताहेत... काय म्हणालात, आजी? त्या बायकांसाठी, पोरांसाठी? बरं. आणि फोटो? नेऊ का आत?

"त्याला राहू दे," म्हणताहेत. "बघू दे त्याला."

मंडळी, रेकॉर्ड मी वाचत नाही. झेंडू घरच्या बागेतला, विमलताईंचा, त्यांचे आभार. दर कार्यक्रमाला आपण चुकलंमाकलं पदरात घ्या म्हणतो आणि जेवायला पळतो. आजी, आज मी ते तुम्हाला, अगदी मनापासून म्हणतेय.

नीरजा, एवढं मात्र नीट सांग हं त्यांना.